गोंडी इतिहासाला शाळेत जागा कधी?

राजुरा - विदर्भात इतरत्र १७ सप्टेंबर हा दिवस एरवीसारखाच जातो. राजुऱ्यात मात्र त्या दिवशी हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे स्मरण केले जाते. याचे कारण इतिहासात आहे. वर्धा नदीच्या पलीकडचे बल्लारपूर आणि चंद्रपूर ब्रिटिशांच्या मध्य प्रांतात असताना अलीकडचा राजुरा निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत हा भाग आधी नांदेड जिल्ह्याला आणि १९५९ मध्ये तेव्हाच्या चांदा जिल्ह्याला जोडण्यात आला. पुढे कोरपना आणि जिवती हे तालुके राजुऱ्यातूनच वेगळे झाले.

सत्ता आणि सीमा बदलल्या, तशी कचेरीची आणि शाळेची भाषाही बदलली. निजामाच्या काळात सरकारी कारभार उर्दूत चाले. महाराष्ट्रात आल्यावर मराठीचे राज्य आले. आदिलाबादच्या उरलेल्या भागात तेलुगू आली. या सर्व स्थित्यंतरांत गोंड आणि कोलाम पाड्यांवरची घरातील भाषा मात्र गोंडी आणि कोलामीच राहिली. तिला शाळेत फारशी जागा मिळाली नाही. अपवाद एकच; आणि तो अपवाद राजुरा ज्या जिल्ह्याचा भाग होता, त्याच आदिलाबाद जिल्ह्यात ८० वर्षांपूर्वी घडला. गोंडीच्या शिक्षणाचा प्रश्न आज पुन्हा चर्चेत आला असताना हा सारा इतिहास समजून घेणे आवश्यक ठरते.

राजधानी नदीकाठाने सरकत गेली

चांद्याच्या गोंड राज्याचा आरंभ परंपरेनुसार भीम बल्लाळसिंह या राजापासून मानला जातो. त्याची राजधानी सिरपूर येथे होती. हे सिरपूर आज तेलंगणात, राजुऱ्याच्या शेजारच्या मुलखात आहे. तेथून राजधानी वर्धा नदीच्या काठी बल्लारपूरला आली आणि खांडक्या बल्लाळशहाच्या काळात चंद्रपूर वसले. ससा कुत्र्याचा पाठलाग करत असल्याचे पाहून राजाने त्या जागी नगर वसवल्याची आख्यायिका चंद्रपूरकरांना परिचित आहे. जटपुरा, पठाणपुरा, बिनबा आणि अंचलेश्वर या चार दरवाजांचा परकोट आजही त्या राज्याची साक्ष देतो. राणी हिराईने अठराव्या शतकाच्या प्रारंभी राज्यकारभार सांभाळला आणि पती बीरशहाची समाधी उभारली. १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांनी नीळकंठशहाला पदच्युत करून हे राज्य ताब्यात घेतले.

ब्रिटिश अमलात, १८६९ मध्ये, लुसी स्मिथ या अधिकाऱ्याने चांदा जिल्ह्याच्या जमाबंदीचा अहवाल तयार केला. गोंड राजांच्या वंशावळीचा तो पुढे सर्वाधिक वापरला गेलेला लेखी आधार ठरला. त्यातील प्रारंभीच्या राजांच्या सनावळीबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत. म्हणजेच ज्या राज्याचे किल्ले आणि समाध्या डोळ्यांसमोर उभ्या आहेत, त्याचा लेखी इतिहास प्रामुख्याने परक्यांच्या महसुली कागदांतून आला आहे.

राजुरा परिसरातील माणिकगडाची गोष्टही अशीच आहे. गडचांदूरजवळच्या डोंगरावरील हा किल्ला नागवंशीय राजांनी बांधल्याचे मानले जाते. नंतर तो गोंडांच्या ताब्यात आला. किल्ल्याच्या नावाने आज परिसरात सिमेंट ओळखले जाते. चुनखडी आणि कोळसा यांमुळे राजुरा, कोरपना परिसराचे नाव देशभर पोचले; सास्ती, गोवरी, पवनीच्या खाणींनी रोजगार आणला. या औद्योगिक ओळखीच्या मागे जुनी ओळख मात्र झाकली गेली.

इतिहास सांगणारा आणि इतिहास ऐकणारा

गोंड समाजाने आपला इतिहास कागदावर ठेवला नाही, याचा अर्थ तो ठेवलाच नाही असा होत नाही. ते काम परधान समाजाकडे होते. प्रत्येक गोंड कुळाचा परधान ठरलेला असे. किंगरी हे तंतुवाद्य वाजवत तो कुळाची उत्पत्ती, देवतांच्या कथा, पूर्वजांचे पराक्रम गात असे. गोंड कुळांची विभागणी चार देवे, पाच देवे, सहा देवे आणि सात देवे अशा गटांत होते. एका गटातील कुळांत आपसांत विवाह होत नाहीत. कोणाचे कोणाशी नाते, कोणत्या पेनाची पूजा कोणी करायची, हे सारे या कथनातून पुढच्या पिढीला कळे. गोंडीत 'पेन' म्हणजे देव.

आदिलाबाद भागातील परधानांची घरची भाषा बहुतांशी मराठी होती, ही यातील विशेष बाब. कुळकथा मात्र ते गोंडीतून गात. मराठी बोलणाऱ्याने गोंडी इतिहास जपायचा, अशी ही व्यवस्था होती. मराठी आणि गोंडी या एकमेकींच्या स्पर्धक आहेत, असे मानणाऱ्यांनी हे उदाहरण लक्षात घेण्यासारखे आहे.

गोंडी ही द्राविडी भाषा आहे. उंदी, रंड, मुंड, नालुंग, सैयुंग हे तिचे पहिले पाच आकडे. त्यातील मुंड आणि नालुंग यांचे तेलुगूतील मूडु आणि नालुगु यांच्याशी असलेले नाते कोणाच्याही कानाला जाणवेल. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या २९ लाख ८४ हजार इतकी नोंदली गेली. गोंड जमातीची देशातील लोकसंख्या त्याच जनगणनेत एक कोटीच्या वर होती. जमात आणि भाषा यांतील ही तफावत बोलकी आहे. अनेक गोंड कुटुंबांतून गोंडी केव्हाच गेली आणि तिची जागा मराठी, हिंदी, तेलुगू किंवा छत्तीसगढीने घेतली.

मारलावाईची शाळा

१९४० मध्ये आदिलाबाद जिल्ह्यातील जोडेघाट येथे निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात कोमराम भीम मारला गेला. जंगल आणि जमिनीवरील हक्कासाठी त्याने उभारलेल्या लढ्यामुळे निजाम सरकारला आदिवासींच्या प्रश्नाची दखल घेणे भाग पडले. ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाकडे या भागाच्या अभ्यासाचे काम आले. त्याने मारलावाई या गोंड खेड्यात मुक्काम ठोकला. जमिनीच्या पट्ट्यांबरोबरच शिक्षणाचा प्रश्न त्याने पुढे आणला.

गोंड मुलांना परक्या भाषेत शिकवणारे परगावचे शिक्षक पाठवून उपयोग होणार नाही, हे ओळखून १९४३ मध्ये मारलावाईला गोंड शिक्षकांचे प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. गोंडी भाषेतील अंकलिपी आणि वाचनपुस्तके तयार करण्यात आली. ती देवनागरी लिपीत होती, ही महाराष्ट्राच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट. या भागातील गोंडांना दुसरी भाषा म्हणून मराठी अवगत होती आणि गोंडीतून अक्षरओळख झालेल्या मुलाला पुढे मराठी वाचणे त्यामुळे सोपे जाणार होते. आधी घरची भाषा, मग परिसराची भाषा, हा क्रम आज शिक्षणतज्ज्ञ जगभर सांगतात. आदिलाबादच्या जंगलात तो त्या काळी प्रत्यक्षात आणला गेला.

या कामाशी मराठी वाचकांच्या परिचयाचे आणखी एक नाव जोडलेले आहे. इतिहासकार सेतुमाधवराव पगडी हे हैदराबाद संस्थानच्या सेवेत असताना आदिलाबादच्या गोंडांमध्ये काम करत होते. त्यांनी गोंडी आत्मसात केली, गोंडांवर पुस्तक लिहिले आणि १९५४ मध्ये गोंडी भाषेचे व्याकरण प्रसिद्ध केले. शिवकालाचे अभ्यासक म्हणून पगडी महाराष्ट्राला ठाऊक आहेत. गोंडीचे व्याकरणकार म्हणून त्यांची ओळख त्या मानाने फार थोड्यांना आहे.

१९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले आणि १९५६ मध्ये त्याची भाषावार वाटणी झाली. किनवट आणि राजुरा मराठी मुलखात आले, आदिलाबादचा उरलेला भाग आंध्र प्रदेशात गेला. तेथे शाळेची भाषा तेलुगू झाली, येथे मराठी. भाषावार प्रांतरचनेने मराठी आणि तेलुगू भाषकांना आपापले राज्य दिले. गोंडी भाषक मात्र महाराष्ट्र, आंध्र प्रदेश, मध्य प्रदेश आणि ओडिशा अशा राज्यांत विभागले गेले आणि प्रत्येक ठिकाणी अल्पसंख्य ठरले. देवनागरीतील गोंडी पुस्तकांचा प्रयोग त्यात मागे पडला. हायमेनडॉर्फची पत्नी एलिझाबेथ हिचे १९८७ मध्ये हैदराबादला निधन झाल्यावर तिला मारलावाईतच चिरविश्रांती देण्यात आली. गावकऱ्यांनी ती आठवण जपली आहे.

एका भाषेच्या चार लिप्या

सीमेचा परिणाम लिपीवरही झाला. २००४ पासून तत्कालीन आंध्र प्रदेशात आदिवासी मुलांसाठी मातृभाषेवर आधारित बहुभाषी शिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला. त्यात गोंडी आणि कोलामी या दोन्ही भाषा होत्या. त्यांची पुस्तके तेलुगू लिपीत निघाली. त्यामुळे राजुरा, जिवतीच्या सीमेवरील गोंड मुलाला पलीकडच्या नातेवाईक मुलाचे गोंडी पुस्तक ऐकले तर कळेल, पण वाचता येणार नाही, अशी स्थिती झाली.

स्वतंत्र लिपीचे प्रयत्नही झाले आहेत. बालाघाट जिल्ह्यातील मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी १९१८ मध्ये गोंडीसाठी लिपी तयार केली. २००६ मध्ये आदिलाबाद जिल्ह्यातील गुंजाळा या गावी वेगळ्याच लिपीतील गोंडी हस्तलिखिते उजेडात आली. ती अठराव्या शतकाच्या मध्यातील असल्याचे अभ्यासकांचे मत आहे. संगणकावरील लिप्यांच्या जागतिक संकेतप्रणालीत, म्हणजे युनिकोडमध्ये, मसराम लिपीचा २०१७ मध्ये आणि गुंजाळा लिपीचा २०१८ मध्ये समावेश झाला. गोंडी ही लिपी नसलेली बोली आहे, हा समज त्यामुळे आता टिकणारा नाही. मात्र देवनागरी, तेलुगू, मसराम आणि गुंजाळा यांपैकी शाळेत कोणती वापरायची, याबाबत समाजातच एकमत झालेले नाही.

बोलींतील फरक हा दुसरा पेच. आदिलाबाद भागात घराला 'रोन' म्हणतात, तर भामरागडकडच्या माडियात 'लोन'. हा फरक किरकोळ वाटला तरी बोलीबोलींतील अंतर बरेच मोठे आहे आणि दूरदूरच्या गोंडी भाषकांना एकमेकांचे बोलणे समजणे अवघड जाते. सर्वांसाठी एकच पुस्तक काढायचे म्हटले, तर कोणती गोंडी प्रमाण मानायची हा प्रश्न उभा राहतो. नागपूरचे भाषा अभ्यासक मोतीरावण कंगाली (१९४९-२०१५) यांनी गोंडी कोश, व्याकरण आणि गोंड धर्मविचारावर दीर्घकाळ लेखन केले. व्यंकटेश आत्राम यांच्या 'गोंडी संस्कृतीचे संदर्भ' या ग्रंथाने मराठीत या विषयाचा पाया घातला. अभ्यासाची साधने अशी हळूहळू जमा होत आहेत. ती शाळेपर्यंत पोचण्याचा मार्ग मात्र अजून नीट आखला गेलेला नाही.

मोहगावचा प्रयोग

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मोहगाव येथील ग्रामसभेने २०१९ मध्ये स्वतःच हा मार्ग शोधण्याचा प्रयत्न केला. 'पारंपरिक कोया ज्ञानबोध संस्कार गोटुल' या नावाने तेथे गोंडी माध्यमाची शाळा सुरू झाली. गोटुल ही गोंडांची जुनी संस्था. गावातील तरुण मुलेमुली तेथे एकत्र येत, मोठ्यांकडून गाणी, रीतिरिवाज, जंगलाचे ज्ञान शिकत. त्याच कल्पनेला मोहगावने शाळेचे रूप दिले.

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे शाळेला मान्यता लागते. ती नसल्याने २०२२ मध्ये शिक्षण विभागाने शाळेला नोटीस दिली आणि हा वाद न्यायालयापर्यंत गेला. ग्रामसभेने आपल्या बाजूने राज्यघटनेचाच आधार घेतला. भाषिक अल्पसंख्य समाजाच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करावा, असे घटनेचे ३५० (अ) हे कलम सांगते. शिक्षण हक्क कायद्याच्या २९ व्या कलमातही शक्य तेथवर मातृभाषेतून शिकवण्याचा उल्लेख आहे. म्हणजे ज्या कायद्यान्वये मान्यतेची अट आहे, त्याच कायद्यात मातृभाषेचे तत्त्वही आहे. या दोहोंची सांगड घालणे हे धोरणकर्त्यांचे काम आहे.

गोंडीचा समावेश घटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही. २००३ च्या घटनादुरुस्तीने संथाळी आणि बोडो या भाषांना तेथे स्थान मिळाले. गोंडीची मागणी त्यानंतरही प्रलंबित आहे. अनुसूचीतील स्थान मिळाल्याने शाळा आपोआप सुरू होत नाहीत. परंतु पुस्तके, परीक्षा आणि शिक्षकभरती यांसाठी आग्रह धरायला त्यामुळे बळ मिळते.

वेल्सने काय केले

शेजारच्या बलाढ्य भाषेच्या छायेत जगणाऱ्या समाजाचे उदाहरण म्हणून जगात वेल्सचा उल्लेख नेहमी होतो. इंग्लंडच्या पश्चिमेचा हा लहानसा देशही कोळशासाठी प्रसिद्ध होता. १५३६ च्या कायद्याने तेथील न्यायालयांत इंग्रजी आली. १८४७ मध्ये ब्रिटिश सरकारच्या शिक्षणविषयक अहवालाने वेल्श भाषेला प्रगतीतील अडथळा ठरवले. एकोणिसाव्या शतकात तेथील काही शाळांत वेल्श बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी तुकडा अडकवला जाई. आपली भाषा म्हणजे कमीपणा, हे मुलांच्या मनावर अशा रीतीने ठसवण्यात आले.

त्याच वेल्समध्ये १९३९ साली अबेरिस्टविथ या गावी वेल्श माध्यमाची प्राथमिक शाळा सुरू झाली, तेव्हा तिच्यात अवघी ७ मुले होती. पुढे अशा शाळा वाढत गेल्या. १९८८ च्या शिक्षण कायद्याने वेल्श हा अभ्यासक्रमाचा भाग झाला. २०२२ पासून अमलात आलेल्या नव्या अभ्यासक्रमात वेल्सचा इतिहास शिकवणे बंधनकारक आहे. तरीही २०२१ च्या जनगणनेत वेल्श येणाऱ्यांचे प्रमाण १७.८ टक्केच भरले. शाळा सुरू केली की भाषा लगेच तरते, असे नाही. घरात आणि बाजारात तिचा वापर टिकला नाही, तर शाळेवरचा भार वाढतो. गोंडी आज पाड्यांवर घरोघर बोलली जाते, तोवरच ती शाळेत आणणे सोपे आहे, हा वेल्सच्या अनुभवाचा अर्थ आहे.

वर्गात काय करता येईल

जिवती तालुक्यातील एखाद्या वर्गात गोंड, कोलाम, बंजारा, मराठी आणि तेलुगू भाषक मुले एकत्र बसलेली असू शकतात. महाराष्ट्र आणि तेलंगण यांच्यात वादग्रस्त असलेल्या १४ गावांत तर दोन्ही राज्यांच्या शाळा आहेत. अशा ठिकाणी पूर्ण गोंडी माध्यमाची शाळा हा एकमेव पर्याय ठरत नाही. पालकांनाही मुलांना चांगली मराठी आणि इंग्रजी यावी, नोकरी मिळावी, असे वाटते आणि ती अपेक्षा रास्त आहे. प्रश्न सुरुवातीच्या दोन-तीन वर्षांचा आहे. शिक्षकाचे शब्द मुलाला कळलेच नाहीत, तर ते गप्प बसते, मग गैरहजर राहते आणि शेवटी शाळेतून सुटते. पहिलीच्या वर्गात गोंडी किंवा कोलामी जाणणारी एक व्यक्ती असणे, हा यावरचा सर्वांत साधा उपाय आहे. भामरागड तालुक्यात १९७३ मध्ये हेमलकसा येथे सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पातील कार्यकर्त्यांनी आधी माडिया शिकून घेतली, मगच त्यांचे काम उभे राहिले.

इतिहासाच्या बाबतीत तर वाट आणखी सोपी आहे. तिसरीच्या वर्गात आपल्या जिल्ह्याची ओळख करून देण्याची महाराष्ट्रात जुनी पद्धत आहे. चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या मुलांना त्यात परकोटाबरोबर परधानांची किंगरी, माणिकगडाबरोबर मारलावाईची शाळा सांगता येईल. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चंद्रपूरच्या तुरुंगात फाशी गेलेले बाबूराव शेडमाके आणि १९४० मध्ये जोडेघाटला पडलेला कोमराम भीम हे दोघे एकाच समाजाचे होते. त्यांच्यामध्ये राज्याची सीमा असल्याने सीमेच्या एका बाजूच्या मुलांना दुसरा सहसा भेटत नाही. राजुरा दोन्ही इतिहासांचा वारसदार आहे. चंद्रपूर आणि गडचिरोलीसाठी २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाला स्थानिक साधने गोळा करून अशी पूरक पुस्तके तयार करण्याचे काम हाती घेता येण्यासारखे आहे.

दरवर्षी पौष महिन्यात महाराजगुडा परिसरातील जंगलात, जंगुबाईच्या गुहेपाशी गोंड समाजाची यात्रा भरते. महाराष्ट्र आणि तेलंगण अशा दोन्ही बाजूंनी कुटुंबे येतात. पेनांची पूजा होते, कुळांची भेट होते, गोंडीत गाणी होतात. यात्रा आटोपून मुले परततात तेव्हा काही मराठी शाळेत जातात, तर काही तेलुगू. यात्रेत ऐकलेल्या कथेतील एक तरी त्यांना आपल्या पुस्तकात सापडली, तर शाळा आपली आहे असे त्यांना वाटेल. १९४३ मध्ये हे घडवून दाखवले गेले होते. त्यासाठी नव्या शोधाची आवश्यकता नाही. जुन्या आदिलाबादने टाकलेले पाऊल पुढे नेण्याची इच्छाशक्ती तेवढी हवी.